यंत्राची तक्रार दाबू नका, ती ऐकून घ्या



सकाळी शटर वर करावे, बिस्मिल्लाह म्हणून संगणकाचे बटण दाबावे आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांच्या ओळींमागून ओळी धावू लागाव्यात, असा प्रसंग आता आपल्यापैकी अनेकांवर आला असेल. त्या ओळींत एक वाक्य पुन्हा पुन्हा येते : ‘रीड-ओन्ली फाईल सिस्टीम’. म्हणजे वाचता येईल, पण लिहिता येणार नाही. गिऱ्हाईक समोर उभे असते. आपण घाबरून मेकॅनिकला फोन करतो आणि म्हणतो, “भाई, काहीही कर, पण या तांबड्या ओळी घालव.” आमच्या दुकानातही असेच झाले. मेकॅनिकने त्या ओळी खरोखरच घालवल्या. त्याचे जे परिणाम झाले ते सांगण्यासाठी आणि त्यातून बनलेले माझे मत मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आमचे दुकान जरी, धागा, मोती आणि टिकल्यांचे. गिऱ्हाईक बहुतेक भरतकाम करणारे कारागीर आणि घरी बसून काम करणाऱ्या भगिनी. अर्ध्याहून अधिक व्यवहार उधारीचा. गल्ल्यावर हिशेबासाठी तळहाताएवढा छोटा संगणक बसवला होता. त्यात लिनक्स आणि मेमरी कार्ड. वीज वारंवार जात असे आणि दर वेळी कार्डावरील फाईली बिघडत. मेकॅनिकने उपाय काढला. त्याने संपूर्ण कार्ड रीड-ओन्ली केले. “आता वीज गेली तरी काही बिघडणार नाही,” असे तो म्हणाला आणि तेवढ्यापुरते ते खरेही होते.

पण दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करताच तांबड्या ओळी आल्या. छपाई यंत्राची सेवा सुरू होईना, नोंदवही उघडेना. त्याने पुन्हा येऊन दहा मिनिटे काहीतरी केले आणि सगळ्या ओळी गायब झाल्या. यंत्र सुरळीत चालू लागले. आम्ही खूश झालो.

रमजानचे दिवस तोंडावर होते. दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे राही, यंत्र तीन दिवस बंदच झाले नाही. चौथ्या दिवशी वीज बराच वेळ गेली आणि यंत्र बंद पडले. वीज आल्यावर ते सुरू झाले, एकही तांबडी ओळ आली नाही. फक्त तीन दिवसांचा हिशेब त्यात नव्हता. जणू ते तीन दिवस दुकान उघडलेच नव्हते.

पुढच्या आठवड्यात एक वयस्कर खाला माल घ्यायला आल्या. यंत्राने त्यांच्या नावावर अठराशे रुपये बाकी दाखवले. खाला म्हणाल्या, “बेटा, ते तर मी शाबानमध्येच दिले. तूच मोजून घेतलेस.” पावती त्यांनी घेतली नव्हती. वर्षानुवर्षांचा व्यवहार, पावती कोण मागतो? मला स्पष्ट आठवत नव्हते. आम्ही त्यांचा शब्द मानला. पण दुकानात चार माणसे उभी होती आणि त्यांच्यादेखत एका इमानदार बाईला आपण पैसे दिल्याचे पटवून सांगावे लागले, हे मला आजही बोचते. त्या तीन दिवसांत उधारीवर माल नेलेल्यांपैकी ज्यांना कळले ते स्वतः येऊन रक्कम सांगून गेले. अल्लाह त्यांना बरकत देवो. बाकीचे आम्ही सोडून दिले.

हे का घडले?

यंत्र सुरू होते तेव्हा ते आज्ञांची एक यादी क्रमाने पार पाडते. तिला स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणतात. नव्या लिनक्समध्ये हे काम बहुतांशी ‘सिस्टिमडी’ नावाची व्यवस्था करते, पण तत्त्व तेच. या यादीतील प्रत्येक सेवेला काही ना काही लिहायचे असते. एक आपला क्रमांक टिपून ठेवते, दुसरी आपण दुसऱ्यांदा सुरू होऊ नये म्हणून कुलूप-फाईल बनवते, तिसरी रोजनाम्यात ओळ घालते. छपाईची सेवा बिले रांगेत लावण्यासाठी जागा मागते. नेटवर्कची सेवा मिळालेला पत्ता लिहून ठेवते. हिशेबाचा डेटाबेस तर लिहिण्याची परवानगी नसेल तर बहुधा उघडतच नाही. ज्या कार्डावर लिहिण्यास मनाई आहे, तेथे यातील प्रत्येक सेवा अडते आणि तक्रार करते. त्याच या तांबड्या ओळी. यंत्र मोडलेले नसते. लिहायला जागा नाही, एवढेच ते सांगत असते.

हा प्रश्न नवा नाही. १९८० च्या दशकात सन कंपनीची डिस्क नसलेली यंत्रे एकाच मोठ्या यंत्रावरील प्रणाली सामायिक वापरत. ती प्रणाली कोणी बिघडवू नये म्हणून केवळ वाचनासाठी दिलेली असे. त्यामुळे न बदलणारे सामान आणि रोज बदलणारे सामान वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची गरज निर्माण झाली. ‘व्हार’ नावाची जी निर्देशिका प्रत्येक लिनक्स यंत्रात दिसते, ती या रोज बदलणाऱ्या सामानासाठी आहे. लिनक्सच्या जगात कोणती फाईल कोठे असावी याचे पहिले लेखी मानक १९९४ साली निघाले, तेव्हाही ही विभागणी डोळ्यांसमोर होती. पुढे सीडीवरून थेट चालणाऱ्या प्रणाली आल्या. क्नॉपिक्स ही त्यांतली प्रसिद्ध प्रणाली २००० सालची. सीडीवर तर लिहिताच येत नाही. त्यामुळे खाली न बदलणारी सीडी आणि वर स्मरणातला, म्हणजे रॅममधला, लिहिता येण्याजोगा थर, अशी युक्ती रूढ झाली. ‘ओव्हरलेएफएस’ नावाने अशीच सोय २०१४ च्या डिसेंबरात लिनक्सच्या मूळ गाभ्यात सामील झाली.

आमच्या मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत केले ते हेच. त्याने रीड-ओन्ली कार्डावर रॅमचा थर टाकला. आता प्रत्येक सेवेला वाटू लागले की आपण कार्डावर लिहीत आहोत. कोणाची तक्रार उरली नाही. हिशेबाच्या कार्यक्रमालाही तसेच वाटले आणि तीन दिवसांची उधारी, जमा, सारे काही तो रॅममध्ये लिहीत राहिला. रॅममधील मजकूर वीज जाताच नाहीसा होतो. युक्ती चुकीची नव्हती. कारखान्यांत आणि रेल्वे स्थानकांच्या सूचना-पडद्यांसारख्या ठिकाणी ती योग्यच आहे, कारण तेथे जपून ठेवण्यासारखे काही लिहिले जात नाही. आमच्या गल्ल्यावर मात्र लोकांची देणी-घेणी लिहिली जात होती.

ओले धान्य वर ठेवा

सहीह मुस्लिममधील एक प्रसंग आपण सर्वांनी खुतब्यात ऐकला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. वरून कोरडे, आतून ओले. विक्रेता म्हणाला की पावसाने भिजले. तेव्हा आपण (स.) त्याला विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. भिजणे हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. ते झाकणे हा दोष होता.

मला वाटते, यंत्रांच्या बाबतीतही आपण हीच कसोटी लावली पाहिजे. तांबड्या ओळी दाखवणारे यंत्र आपले ओले धान्य वर ठेवत असते. आपण आणि आपले मेकॅनिक मिळून ते झाकायला सांगतो. रॅमचा थर हा झाकण्याचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार अधिक सरळ आहे. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये अशी एक ओळ घालतात की आज्ञा फसली तरी ती यशस्वी झाली असे समजून पुढे जावे, किंवा तक्रारीचा मजकूर ‘डेव्ह-नल’कडे पाठवावा. डेव्ह-नल हा बिनबुडाचा रांजण आहे. त्यात टाकलेले परत मिळत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा. कधी कधी कार्ड किंवा डिस्क कोणी मुद्दाम रीड-ओन्ली केलेली नसते. लिनक्सला फाईलींच्या मांडणीत विसंगती आढळते आणि आणखी नुकसान होऊ नये म्हणून ते स्वतःच लिहिणे थांबवते. डेबियन आणि उबंटूसारख्या प्रणालींत मुख्य भागासाठी ही खबरदारी नेहमीच्या मांडणीतच घातलेली असते. काही मेमरी कार्डेही आयुष्य संपत आले की लिहून घेणे बंद करतात. अशा वेळी अर्धवट शिकलेला माणूस एक आज्ञा देऊन जबरदस्तीने लिहिणे पुन्हा सुरू करतो. गिऱ्हाईक खूश होते. पण बिघडलेल्या मांडणीवर नवे लिखाण चढत जाते आणि जो जुना हिशेब वाचवता आला असता तोही हातचा जातो.

मग तांबड्या ओळी आल्यावर काय करावे? सर्वप्रथम, यंत्र बंद न करता मोबाईलवर पडद्याचे फोटो घ्या. कारण लिहिण्यास मनाई असताना रोजनामाही रॅममध्येच असतो, यंत्र बंद केले की तोही जातो. दुसरे, सर्वांत पहिली तांबडी ओळ शोधा. शेवटच्या पंधरा ओळी बहुधा त्या पहिलीच्याच लेकी-नाती असतात. छपाई सुरू झाली नाही, ही शेवटची ओळ वाचून छपाई यंत्र बदलणारे लोक मी पाहिले आहेत. तिसरे, लिहिण्यास मनाई मुद्दाम केलेली आहे की यंत्राने स्वतः केली आहे, हे मेकॅनिकला विचारा. स्वतः केली असेल तर आधी हिशेबाची प्रत दुसरीकडे काढा, मग तपासणी आणि दुरुस्ती करा. हा क्रम उलटू देऊ नका.

योग्य मांडणी कशी असावी?

यावर काही बंधू म्हणतील, हे सगळे झंझट हवे कशाला? लाल कापडात बांधलेली वही बरी होती. वहीबद्दल मला आदर आहे. पण जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आपले हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. विवरणपत्रे संगणकावरूनच भरायची असतात. यंत्र आता दुकानात राहणारच. तेव्हा ते नीट लावून घेणे हेच शहाणपणाचे.

रीड-ओन्ली करणे ही चांगली गोष्ट आहे, हे मी मुद्दाम सांगतो. जेथे वीज केव्हाही जाते तेथे यंत्राची प्रणाली कुलूपबंद असलेलीच बरी. चूक झाली ती प्रणाली आणि हिशेब एकाच खोलीत ठेवून त्या खोलीला कुलूप लावण्याची. सामानाचे तीन भाग करावेत. पहिला, प्रणाली. ती कुलूपबंद. तिच्यात सुधारणा करायची तर ठरलेल्या दिवशी, दुकान बंद असताना, कुलूप काढून, आणि काम झाले की पुन्हा लावून. दुसरा, तात्पुरते सामान : कुलूप-फाईली, छपाईची रांग, रोजची बडबड. हे खुशाल रॅममध्ये जाऊ द्यावे, गेले तरी दुःख नाही. तिसरा, हिशेब. तो वेगळ्या डिस्कवर किंवा वेगळ्या भागावर, जेथे खरोखर लिहिले जाते. त्याची रोज रात्री एक प्रत दुसऱ्या ठिकाणी काढावी आणि दिवसाच्या जमा-उधारीची बेरीज कागदावर छापून वहीत चिकटवावी. सोबत एक छोटा यूपीएस असावा आणि बॅटरी संपत आली की यंत्र आपोआप रीतसर बंद होईल अशी जोडणी करून घ्यावी.

यात एक मेख आहे आणि ती बहुतेक मेकॅनिक विसरतात. हिशेबाची डिस्क एखाद्या सकाळी जोडलीच गेली नाही, तार सैल झाली, तर तिच्या जागी त्याच नावाची रिकामी निर्देशिका उरते. हिशेबाचा कार्यक्रम बिचारा त्या रिकाम्या जागेत नवी वही उघडून बसतो आणि ती जागा रॅममध्ये असते. म्हणून स्टार्टअप स्क्रिप्टमध्येच तपासणी हवी : हिशेबाची डिस्क खरोखर जोडलेली आहे का? नसेल तर कार्यक्रम सुरूच होऊ नये आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत सूचना यावी. सकाळी अर्धा तास दुकान अडलेले परवडते, दिवसभराची नोंद गेलेली परवडत नाही.

दुसरी मेख घड्याळाची. रास्पबेरी पाय नावाचे छोटे संगणक अनेक ठिकाणी वापरले जातात. त्यांच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही. २०२३ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. घड्याळ नसलेले यंत्र शेवटची वेळ कार्डावर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तेथून मोजू लागते. कार्ड रीड-ओन्ली असेल तर ती वेळ लिहिलीच जात नाही. मग इंटरनेट जोडले जाईपर्यंत यंत्र कित्येक महिन्यांपूर्वीच्या तारखेत वावरते आणि बिलावर तीच तारीख छापते. जुनी तारीख असलेले बिल पुढे करून कर अधिकाऱ्याला काय सांगणार? काही शे रुपयांचे बॅटरीवाले घड्याळ जोडून घेतले की हा प्रश्न मिटतो.

एक रुपयाची परीक्षा

यंत्र बसवणारा तांत्रिक शब्द कितीही फेकू दे, त्याला पैसे देण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. हिशेबात एक रुपयाची नोंद करा. यंत्र रीतसर बंद करा. पुन्हा सुरू करा. नोंद आहे का पाहा. मग हिशेबाची डिस्क जोडलेली नसताना यंत्र सुरू करून पाहा. ते ओरडले तर ठीक. निमूटपणे चालू लागले तर पैसे देऊ नका. या परीक्षेला पंधरा मिनिटे लागतात आणि इंग्रजीचे एक अक्षरही येण्याची गरज नाही. आम्ही ती पहिल्या दिवशी घेतली असती तर खालांना त्या दिवशी मान खाली घालावी लागली नसती.

त्याचबरोबर बसवणाऱ्याकडून एका कागदावर लिहून घ्या : कोणता भाग कुलूपबंद आहे, हिशेब कोठे लिहिला जातो, प्रत कोठे जाते, कुलूप कसे काढायचे. उद्या तो माणूस आखाती देशात नोकरीला गेला तर दुसऱ्याला त्या कागदावरून काम करता आले पाहिजे.

आपल्या मोहल्ल्यांतून मोबाईल दुरुस्तीची दुकाने पुष्कळ आहेत आणि आपली मुले त्या कामात तरबेज आहेत. त्यांनी याच बैठकीवर लिनक्सची एवढी विद्या शिकावी, असे मला कळकळीने वाटते. प्रणाली मोफत मिळते, सरावासाठी जुना संगणक पुरतो. प्रत्येक बाजारपेठेत अशा जाणकाराची गरज आहे. मात्र शिकताना त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. गिऱ्हाईक तांबड्या ओळी घालवायला सांगेल, पण त्या का आल्या हे समजेपर्यंत त्या घालवायच्या नाहीत. गिऱ्हाईक रागावले तरी चालेल.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, हा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आला आहे आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, असेही त्यात बजावले आहे. आज आपल्या बाजारात लिहिणारा अनेकदा यंत्र असते. पण ते यंत्र विकत घेणारे, लावणारे आणि त्याच्यावर विसंबणारे आपण आहोत. खालांनी मोजून दिलेले अठराशे रुपये ही आमच्याकडे असलेली अमानत होती. ती नोंद हरवली तेव्हा यंत्राने चूक केली असे मी लोकांना सांगत फिरलो. खरे तर यंत्राने तक्रार केली होती. ती दाबायला मीच सांगितले होते.